अंग आंबलंय की दुखावलंय? जिममधल्या पहिल्या महिन्यासाठी

जिम लावून तिसरा दिवस होता. सोमवारी संध्याकाळी पायांचा व्यायाम झाला, मंगळवारी पाय थोडे जड वाटले आणि बुधवारी सकाळी दादरच्या पुलावर मी कठडा धरून, तिरकी वळून, खेकड्यासारखी एकेक पायरी उतरत होते. चढताना फारसं काही वाटलं नव्हतं. उतरताना मात्र मांडीत असा ठणका, की पाय खाली टाकायच्या आधी मनाची तयारी करावी लागायची. मागून "ओ ताई, चला ना" सुरू झालं. माझं वय ४१. सत्तरीच्या एक आजी भाजीची पिशवी सावरत माझ्या पुढून टकाटक उतरून गेल्या.

ऑफिसात पोचेपर्यंत तीन निदानं झाली होती. घरून, "कुणी सांगितलेत नसते उद्योग?" शेजारच्या टेबलावरून, "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, लिंबूपाणी पी." आणि ट्रेनरचा मेसेज, "दुखतंय म्हणजे मसल बनतोय मॅडम, कंटिन्यू करा." तिन्ही चुकीची होती, पण ते कळायला मला वर्ष लागलं. आता सहा वर्षं वजनं उचलतेय. मी डॉक्टर नाही. पण नवी मंडळी तशीच लंगडत बाकावर येऊन बसतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी दुखण्याला नाव द्या

दुखण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही आणि जिममध्ये तेच कामाला येतं. नुसतं "पेन होतंय" म्हटलं तर ट्रेनरलाही काही कळत नाही आणि आपल्यालाही.

अंग आंबणं किंवा भरून येणं, हे आपलं नेहमीचं. ते व्यायाम संपताच सुरू होत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी चाहूल लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरतं. दोन्ही पाय दुखतात, दोन्ही दंड दुखतात. स्वस्थ बसलं की गप्प, उठायला गेलं की बोंब. पाच-दहा मिनिटं चाललं की थोडं मोकळं होतं.

सेट (न थांबता सलग केलेल्या आवर्तनांचा एक गट) चालू असताना शेवटच्या चार-पाच रेप्सना (आवर्तनांना) होते ती जळजळ. वजन खाली ठेवलं की मिनिटा-दोन मिनिटांत ती जाते. तिचा आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा काहीएक संबंध नाही.

चमक, सणक, उसण ही वेगळी जात. वजन उचलता उचलता, एका क्षणात, एका जागी येते. कमरेत सणक गेली किंवा मांडीच्या मागे "कट्" झालं, तर तिथेच थांबायचं. उरलेले चार रेप्स पूर्ण करायचे नाहीत. स्नायू दुखावल्याची ही लक्षणं आहेत. सूज आली, काळं-निळं पडलं किंवा त्या पायावर भार घेता येईना, तर डॉक्टरला दाखवायचं.

मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, कमरेपासून पायात उतरणारी कळ हे नसेचं दुखणं. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा खांद्याच्या टोकाला खुपतं ते सांध्याचं किंवा त्याभोवतालच्या स्नायुबंधांचं. यातलं काहीही "नवीन आहे, होणारच" म्हणून सोडून द्यायचं नाही.

मी एक सोपी खूण धरली आहे. कुठे दुखतंय ते दाखवताना तुमचा अख्खा तळहात मांडीवरून फिरत असेल, तर बहुतेक अंग आंबलंय. एकच बोट नेमक्या जागी जात असेल, तर त्या दिवशी त्या भागाला हात लावू नका. ही माझी खूण आहे, वैद्यकीय चाचणी नव्हे. पण ट्रेनरशी बोलायला पुरते.

आंबतं म्हणजे आत काय होतं

"अंग आंबलं" या शब्दानेच आपली थोडी फसगत केली असावी असं मला वाटतं. आंबणं म्हटलं की आंबट आलं, आंबट म्हटलं की आम्ल आलं. दही आंबवणारं लॅक्टिक आम्लच स्नायूत साठतं, ही गोष्ट मग लगेच पटते. पण हिशेब जुळत नाही. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट (शरीरात हे आम्ल याच रूपात असतं) वाढतं हे खरं, पण साधारण तासाभरात ते पूर्ववत होतं. दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. चोर रात्रीच पळून गेला आणि चोरी सकाळी झाली, असं कसं होईल?

१९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही जणांना ४५ मिनिटं सपाट ट्रेडमिलवर आणि तेवढाच वेळ उताराच्या ट्रेडमिलवर पळवलं. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट फारसं वाढलंच नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले. त्याच्याही पुष्कळ आधी, १९०२ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी व्यायामानंतर लगेच येणारा थकवा आणि उशिरा येणारं दुखणं यांत फरक केला होता. उशिराच्या दुखण्यामागे स्नायूच्या आतली बारीक फाटाफूट असावी, असं त्यांनी सुचवलं होतं.

आज साधारण चित्र असं आहे. स्नायू आखडत काम करतो तेव्हा त्याला फारशी इजा होत नाही. तो भार पेलत लांबतो तेव्हा होते. दंडाच्या व्यायामात डंबेल वर नेणं म्हणजे आखडणं, हळूहळू खाली आणणं म्हणजे भाराखाली लांबणं. स्क्वॉटमध्ये खाली बसणं, पुशअपमध्ये छाती जमिनीकडे नेणं, पायऱ्या उतरणं, सगळं त्याच माळेतलं. या लांबण्यात काही तंतूंची आणि त्यांच्याभोवतीच्या आवरणांची सूक्ष्म पातळीवर उलथापालथ होते. मग शरीर दुरुस्तीला लागतं. त्या भागात दाह होतो, थोडं पाणी साठतं, वेदना कळवणाऱ्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट.

कसाऱ्याच्या लोकलने जाऊन कळसूबाई केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चढताना छाती भात्यासारखी चालते, पण सोमवारी ऑफिसात दुखतात त्या उतरताना ब्रेक मारलेल्या मांड्या. रथसप्तमीला ईर्षेने १०८ सूर्यनमस्कार घालून दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर न जाणारी माणसंही आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. माझा पुलही तोच. चढताना गप्प, उतरताना बोंब.

मग "दुखतंय म्हणजे बनतोय" यात काय चुकलं?

दुखणं एवढंच सांगतं, की केलेलं काम शरीराला नवीन होतं किंवा सवयीपेक्षा फार होतं. ते चांगलं होतं की वाईट, हे दुखण्यावरून कळत नाही. एकदा गड उतरून मांड्या चार दिवस दुखतात. तेवढ्याने त्या भरत असत्या तर प्रत्येक ट्रेकर पैलवान झाला असता. उलट खांद्याचे स्नायू कित्येकांचे कधीच फारसे दुखत नाहीत आणि तरी छान भरतात.

दुसरी गंमत म्हणजे शरीर ओळख ठेवतं. तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी पुन्हा केला, की दुखणं पुष्कळ कमी होतं. हे संरक्षण काही आठवडे, कधीकधी त्याहूनही जास्त टिकतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात "आता दुखतच नाही, व्यायाम लागू पडत नाहीये" अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मला हसू येतं. लागू पडला म्हणून तर दुखत नाही. दर आठवड्याला व्यायाम बदलून सगळ्यांना लंगडवणारा ट्रेनर कडक वाटतो, पण त्याच्याकडे प्रगती मोजायची सोयच राहत नाही.

मोजायचं असेल तर वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. महिन्यापूर्वी ५ किलोच्या डंबेलने १० होत होते, आज साडेसातने १० होतात, एवढं पुरतं.

पहिल्या दिवसाआधी

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातली गोळी चालू असेल तर तेही सांगून ठेवा. त्या गोळ्यांनी काहींचे स्नायू तसेही दुखतात आणि मग कशाने काय दुखतंय हा गोंधळ होतो. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

जिममध्ये पहिल्या दिवशी हे वाक्य पाठ म्हणून टाका: "मी नवीन आहे, पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचा एकच सेट करणार." ट्रेनरचा चेहरा पडेल. पडू दे. पैसे भरले त्या दिवशीच वसूल करायचे, ही आपली खोड असते आणि घामाघूम करून पाठवलं की गिऱ्हाईक खूश, हा त्यांचा हिशेब. माझा पहिला सोमवार असाच गेला. चार प्रकारचे स्क्वॉट-लंजेस (लंज म्हणजे एक पाय पुढे टाकून खाली बसणं), प्रत्येकी चार सेट. आज एवढ्या वर्षांनी केले तरी दुसऱ्या दिवशी जाणवतील.

पहिले दोन आठवडे

आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांची फट. सोमवार-गुरुवार चांगला. दोन्ही दिवशी सगळ्या अंगाचा व्यायाम करा. एका दिवशी फक्त पाय, एका दिवशी फक्त छाती ही वाटणी पुढे कधीतरी.

सुरुवात पाच व्यायामांनी होऊ दे. बाकावर बसून उठणं. लॅट पुलडाउन, म्हणजे वरचा दांडा छातीकडे ओढणं. बाकावर हात टेकवून तिरके पुशअप. हलके डंबेल घेऊन पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकणं, ज्याला रोमेनियन डेडलिफ्ट म्हणतात. यात पहिले दोन आठवडे डंबेल गुडघ्यापर्यंतच न्या, कारण मांडीची मागची बाजू आंबली की कमोडवर बसणंसुद्धा साहस होतं. शेवटी २० सेकंदांचा प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरून राहणं. प्रत्येकाचा एक सेट, दहा-बारा रेप्स. वजन असं घ्या, की दहाला थांबलात तेव्हा अजून चार-पाच सहज झाले असते. त्याआधी पाच-सात मिनिटं चालून किंवा सायकल मारून अंग गरम करा. इतकंच. पाऊण तासात घरी.

आरशासमोरचे दंडाचे कर्ल (कोपर वाकवून डंबेल वर नेणं) पहिल्या आठवड्यात टाळा किंवा अगदी हलके करा. हे मी कळकळीने सांगते. दंड आंबले की कोपर सरळ होत नाही आणि ६.१२ च्या लोकलमध्ये वरचं हँडल धरायची वेळ येते.

तिसऱ्या आठवड्यात दोन सेट, पाचव्यात तीन. सेट वाढवले त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, वजन वाढवलं त्या आठवड्यात नवा व्यायाम घ्यायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दुखलं तर कशाने ते कळतं.

आंबलंच तर

दुखणाऱ्या अंगाने जिमला जावं का? मी दुखण्याला दहापैकी गुण देते. तीनपर्यंत असेल तर ठरलेला व्यायाम. चार-पाच असेल तर जाते, पण दुखणारा भाग सोडून बाकीचं करते किंवा वजन निम्मं करते. त्याच्या वर असेल, किंवा सांधा पूर्ण वाकत-सरळ होत नसेल, तर फक्त चालणं. आंबलेल्या स्नायूची ताकद तात्पुरती कमी झालेली असते. अशा वेळी जड वजन उचलायला गेलं की शरीर वाकडी वाट काढतं आणि मग खरोखरच काहीतरी दुखावतं.

उपायांबद्दल आपल्याकडे मतं फार. हलकं चालल्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं, आणि मुंबईत चालणं कुणाला चुकलंय? मालिशने थोडा फरक पडतो असं अभ्यासांत दिसतं, पण हलक्या हाताने. कोपर रुतवून किंचाळायला लावणारी मालिश नको. गरम पाण्याने अंघोळ केली की अंग सैल होतं. बाम चोळल्याने कातडीला गरम-थंड वाटतं, आत फार काही पोचत नाही. पण झोप लागत असेल तर चोळा बापडे. आईच्या हळद-दुधाला मी कधी नाही म्हटलं नाही, निदान दूध तरी पोटात जातं. लिंबूपाणी तहानेसाठी उत्तम, दुखण्यासाठी नाही.

स्ट्रेचिंगबद्दल मात्र ऐकून लोक दुखावतात. व्यायामाआधी किंवा नंतर ताण दिल्याने दुखणं टळतं का, याचा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ मध्ये घेतला गेला. फरक निघाला तो शंभराच्या मोजपट्टीवर जेमतेम एखाद्या गुणाचा. आवडत असेल तर करा, लवचीकपणासाठी करा; बुधवारचा पूल त्याने टळणार नाही.

वेदनाशामक गोळ्या सवयीने घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या, त्यात मे महिन्याचा घाम आणि कमी पाणी, हे मिश्रण मूत्रपिंडांना मानवत नाही. गोळी घेऊन जिमला जाणं तर त्याहून वाईट, कारण थांबायला सांगणारी खूणच तुम्ही पुसून टाकता.

झोप आणि जेवण हे कंटाळवाणे उपाय, पण कामाचे तेच. वजनं उचलणाऱ्याला रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला ७० ते ९५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत २५, वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ. वरण-भात-भाजीत भागत नाही, हे एकदा वहीत मांडून पाहा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरला विचारूनच. प्रथिनांनी दुखणं लगेच जात नाही, दुरुस्तीला माल पुरतो.

हे आंबणं नव्हे, ताबडतोब निघा

लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, स्नायू टणक होऊन सुजले, हात-पाय उचलवेनात, सोबत मळमळ किंवा ताप असेल, तर रात्र काढू नका. सरळ हॉस्पिटल गाठा. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटून त्यांतला माल रक्तात येतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हे फार जणांना होत नाही, पण होतं ते बहुधा नवख्यांना किंवा मोठ्या सुट्टीनंतर परतलेल्यांना, पहिल्याच दिवशी शेकडो रेप्स केल्यावर, उकाड्यात. रक्तातल्या सीपीके (स्नायूंतून रक्तात येणारं एक एन्झाइम) तपासणीवरून अंदाज येतो. उगाच हौसेने मात्र ती करू नका. साध्या व्यायामानेही आकडा वाढतो आणि घरादाराची झोप उडते.

एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली, तर ते शिरेतल्या गुठळीचंही असू शकतं. तेलमालिश करत बसू नका, दाखवा.

आणि छाती. बेंच प्रेसनंतर, म्हणजे बाकावर उताणं पडून वजन छातीवरून वर ढकलल्यावर, छाती आंबते. दाबलं किंवा हात पसरले की दुखते. पण छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, दरदरून घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल, तर "काल चेस्ट केली होती ना" हा हिशेब घरी बसून करायचा नाही. १०८ ला फोन करा.

खाडा पडल्यावर

गणपतीत कोकणात बारा दिवस, मग दिवाळी, मग कुणाचं तरी लग्न. खाडे पडणारच. दोन आठवड्यांपर्यंतच्या खाड्यानंतर वजन थोडं कमी करून आणि सेट निम्मे करून सुरू करा, आठवड्यात मूळपदावर याल. महिना-दोन महिने गेले असतील तर पुन्हा एका सेटपासून. पहिल्यांदाइतकं दुखणार नाही, पण जुनं वजन पहिल्याच दिवशी उचलून दाखवायचा मोह होतोच. मला दर सप्टेंबरमध्ये होतो. म्हणून परतल्यावरचा पायांचा पहिला व्यायाम मी शुक्रवारी ठेवते. दुसरा दिवस शनिवार असतो, तिसरा रविवार, आणि दोन्ही दिवस दादरचा पूल उतरायचा नसतो.